चक शुल्डिनरची माणसं

१९९० साली फ्लोरिडातल्या एका बँडचा युरोप दौरा ठरला होता. निघायच्या तोंडावर बँडचा गायक, गिटारवादक आणि गाणी रचणारा चक शुल्डिनर म्हणाला, मी येत नाही. दौऱ्याची आखणी धड झालेली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ड्रमर बिल अँड्र्यूज आणि बेसवादक टेरी बटलर थांबले नाहीत. बँडबरोबर फिरणाऱ्या मदतनीसांतल्या एकाच्या हाती त्यांनी गिटार दिली, एकाला माइकसमोर उभं केलं आणि ‘डेथ’ याच नावाने ते युरोपात वाजवून आले. ज्याने नाव ठेवलं, ज्याने नावाची अक्षरंसुद्धा स्वतःच्या हाताने काढली, तो घरी फ्लोरिडात बसून होता.

परत आल्यावर दोघांनाही नारळ मिळाला. आणि चकने ठरवलं की यापुढे ‘डेथ’मध्ये कायमचं असं कुणी ठेवायचं नाही. प्रत्येक अल्बमच्या वेळी त्या गाण्यांना जी माणसं लागतील ती बोलवायची. या प्रकरणात त्याचं नाव बरंच खराब झालं. हेकट आहे, याच्याबरोबर काम करणं अवघड, असा शिक्का बसला आणि तो शेवटपर्यंत पुरता पुसला गेला नाही. १९८७ ते १९९८ या काळात ‘डेथ’चे सात अल्बम आले, त्यातल्या कुठल्याही दोन अल्बमांवर तीच माणसं नाहीत.

म्हणून या बँडची गोष्ट बहुतेक वेळा एकखांबी तंबूची गोष्ट म्हणून सांगितली जाते. एक प्रतिभावंत, बाकी सगळे येणारे-जाणारे. चाहते हे कौतुकाने सांगतात, टीकाकार नाक मुरडून सांगतात, पण गोष्ट तीच. मला ही मांडणी पटत नाही. ‘डेथ’चं संगीत दर खेपेला एवढं का बदललं, याचं उत्तर त्या आलेल्या-गेलेल्या माणसांकडे आहे. आणि चकचं मोठेपण मी मोजतो ते त्याने या माणसांना आपल्या गाण्यांत किती जागा करून दिली, त्यावरून.

डेथ मेटल कधी ऐकलेलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गिटारच्या तारा नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली उतरवलेल्या असतात. चक पूर्ण एक स्वर खाली उतरवायचा. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून छेडायचं, म्हणजे सूर लांबत नाही, दबका आणि तुटक वाजतो, आणि ते अतिशय जलद. ड्रमरचे दोन्ही पाय दोन पेडलांवर अखंड चालू. वर गाणं, पण त्यात स्वर लावणं नाही. घशाच्या तळातून काढलेली गुरगुर. शब्द कळत नाहीत हा पहिला आक्षेप, आणि तो खरा आहे. पहिल्या ऐकण्यात कळत नाहीत. कान सरावला की लक्षात येतं, तो आवाज तालवाद्याच्या जवळ जाणारा आहे. त्याचं काम आघाताचं आहे. एवढं एकदा मान्य केलं की पुढचं संगीत उलगडायला लागतं, आणि ‘डेथ’च्या बाबतीत उलगडण्यासारखं पुष्कळ आहे.

चकचा जन्म १३ मे १९६७चा, न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरचा. वर्षभरातच कुटुंब फ्लोरिडात आलं आणि ऑर्लँडोजवळच्या अल्टामाँट स्प्रिंग्जमध्ये स्थिरावलं. तो नऊ वर्षांचा असताना सोळा वर्षांचा मोठा भाऊ गेला. पोराचं मन कशात तरी रमावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली. शिकवणी फार दिवस टिकली नाही. बाकी सगळं तो ऐकून आणि वाजवून शिकला.

१९८३-८४च्या सुमाराला कॅम ली आणि रिक रॉझ यांच्याबरोबर त्याने ‘मँटस’ नावाचा बँड काढला. वर्षभरात त्याचंच ‘डेथ’ झालं. ही सगळी जेमतेम सोळा-सतरा वर्षांची पोरं. भयपट पाहायचे, ‘व्हेनम’सारखे बँड ऐकायचे आणि त्याहून जास्त जोरात, त्याहून जास्त भयानक काही वाजवायचं, एवढीच ईर्षा. गाणी घरगुती कॅसेटवर मुद्रित व्हायची आणि टपालाने फिरायची. एका गावातला पोरगा दुसऱ्या देशातल्या पोराला कॅसेट पाठवायचा, तो तिची नक्कल करून पुढे. रेडिओ नाही, दुकान नाही, कंपनी नाही. तरी ऑर्लँडोजवळच्या गॅरेजातला हा आवाज युरोपपर्यंत पोचला होता. कॅलिफोर्नियात ‘पझेस्ड’ नावाचा बँड याच सुमाराला याच दिशेने निघाला होता, त्यांचा ‘सेव्हन चर्चेस’ १९८५चा. पहिला मान कुणाचा, यावर आजही वाद घातले जातात. चकला ‘डेथ मेटलचा जनक’ म्हणायची पद्धत आहे. त्याला स्वतःला ती बिरुदावली आवडत नसे.

पहिला अल्बम ‘स्क्रीम ब्लडी गोर’ १९८७ साली आला. ड्रम्सवर ख्रिस रायफर्ट, आणि गिटार, बेस, गायन सगळं चकचं. प्रेतं, कुऱ्हाडी, रक्त. त्या अल्बमचं ऐतिहासिक महत्त्व मोठं आहे, पण तो ऐकताना वीस वर्षांच्या मुलाची ताकद दिसते, विचार दिसत नाही. १९८८चा ‘लेप्रसी’ पुष्कळ पक्का आहे. तो टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत झाला, आणि या जागेबद्दल दोन शब्द हवेत. जिम आणि टॉम मॉरिस या भावांचा हा स्टुडिओ. तिथे स्कॉट बर्न्स नावाचा तंत्रज्ञ होता. एवढ्या वेगात दोन्ही पायांचे ठोके एकमेकांत न मिसळता कसे ऐकू येतील, खालच्या पट्टीतल्या दोन गिटारींचा चिखल होऊ न देता त्या कशा मुद्रित करायच्या, हे त्याला उमगलं होतं. मग ‘मॉर्बिड एंजल’, ‘ओबिच्युअरी’, ‘डेयसाइड’ असे एकामागून एक बँड तिथे आले. ब्राझीलचा ‘सेपल्टुरा’ आला, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा ‘कॅनिबल कॉर्प्स’ आला. पुढची पाच-सहा वर्षं जगातलं डेथ मेटल बऱ्याच अंशी या एका स्टुडिओच्या भिंतींतून बाहेर पडलं.

१९९०च्या ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये चक रक्तामांसाच्या गोष्टी सोडून भोवतालाकडे वळला. दूरचित्रवाणीवरून आजार बरे करण्याची दुकानं मांडणारे धर्मोपदेशक, व्यसनी आईच्या पोटी जन्मणारी मुलं, गर्भपाताचा वाद. सगळीच मतं पचनी पडण्यासारखी नाहीत आणि मांडणी ढोबळ आहे. पण सोळाव्या वर्षी काढलेल्या भुताखेतांचा त्याला कंटाळा आला होता, हे स्वच्छ दिसतं. शब्दांतून जे सुटत होतं त्याला शोभेल असं वाजवणारी माणसं मात्र अजून भोवती नव्हती. जेम्स मर्फीची गिटार सोडली, तर बाकी सगळं जुन्याच वळणाचं. त्यानंतर तो युरोपचा दौरा आणि ती फाटाफूट.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मायामीत ‘सिनिक’ नावाचा एक बँड होता. त्यातले पॉल मॅसव्हिडल आणि शॉन राइनर्ट हे शाळेपासूनचे मित्र, दोघेही विशीतले. मेटल वाजवत होते, पण कान जॅझ-फ्यूजनकडे, अ‍ॅलन होल्ड्सवर्थच्या गिटारकडे लागलेले. चकने गिटारसाठी मॅसव्हिडलला आणि ड्रम्ससाठी राइनर्टला बोलावलं. बेससाठी कॅलिफोर्नियातला ‘सेडस’ बँडचा स्टीव्ह डिजॉर्जिओ, जुना मित्र. तोवर चकची ओळख होती क्रूर, सरळ, ठोस डेथ मेटल. त्याच्या चाहत्यांना तेच हवं होतं, आणि तेच चालू ठेवलं असतं तर कुणी दोष दिला नसता. त्याने आपल्यापेक्षा ज्यांचं संगीताचं ज्ञान जास्त आहे अशी पोरं निवडली आणि त्यांच्यापुढे आपली गाणी ठेवली.

‘ह्यूमन’ ऑक्टोबर १९९१ मध्ये आला. आठ गाणी, साधारण ३४ मिनिटं. पहिलं गाणं ‘फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स’ सुरू होतं ते नुसत्या ड्रम्सनी. आवाज शून्यातून हळूहळू वर येतो, दोन्ही पाय आणि दोन्ही हात एकाच वेळी चालू, आणि गिटार येण्याआधीच कळतं की हा ड्रमर वेगळ्या शाळेतला आहे. ‘लेप्रसी’मधले ठोके गाण्याला खांद्यावर घेऊन पळायचे. राइनर्ट गाण्याशी बोलतो. एकच ओळ गिटार चार वेळा वाजवते, तर तो चारही वेळा तिच्याखालची चाल बदलतो. कधी झांजेवर बारीक काम, कधी अर्ध्या लयीत उतरणं, कधी समेचा अंदाज चुकवून पुढच्या आवर्तनात शिरणं. रूपक आणि झपताल ऐकत वाढलेल्या माणसाला विषम मात्रांचं अप्रूप नसतं. पण त्या मात्रा एवढ्या वेगात, एवढ्या ताकदीने आणि तरीही सैल हाताने वाजताना ऐकणं, हा आनंद आपल्या कानांनाही नवा आहे. अल्बमच्या शेवटाकडे ‘कॉस्मिक सी’ नावाची शब्दांवाचूनची रचना आहे. १९८७ साली ‘डेथ’चा एखादा चाहता अशा रचनेची कल्पना तरी करू शकला असता का, शंकाच आहे.

गाणी चकचीच आहेत. ‘ह्यूमन’मधल्या गिटारच्या ओळी सुट्या करून ऐकल्या तर त्या ‘लेप्रसी’च्याच कुळातल्या आहेत. बदलली ती त्यांच्या भोवतालची हवा. ती हवा राइनर्ट आणि मॅसव्हिडल घेऊन आले, आणि चकने तिला आत येऊ दिलं. बँडचा मालक असलेल्या, स्वभावाने तापट समजल्या जाणाऱ्या, नुकताच दगा झाला अशी ज्याची भावना होती त्या माणसाने हे केलं, याला मी फार किंमत देतो. (बेसवर मात्र या अल्बमात अन्याय झाला. डिजॉर्जिओ जवळजवळ ऐकूच येत नाही. २०११ साली नव्याने मिश्रण करून काढलेली आवृत्ती ऐकली की तो काय वाजवत होता ते कळतं.)

‘ह्यूमन’च्याच वर्षी चकने बँडचं नाव लिहिण्याची पद्धतही बदलली. सुरुवातीच्या चित्रात अक्षरांवर रक्ताचे ओघळ होते, कोळ्याचं जाळं होतं, आणि ‘टी’च्या जागी उलटा क्रूस. १९९१ मध्ये त्याने जाळी झाडून टाकली आणि उलट्या क्रूसाचा साधा ‘टी’ केला. नावाला कुठल्याही धर्माचा किंवा धर्मविरोधाचा वास नको, हे एक कारण होतं. नाव मात्र ‘डेथ’च ठेवलं.

मॅसव्हिडल आणि राइनर्ट यांना स्वतःच्या बँडकडे परतायचं होतं. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडा झोडपला, त्यात ‘सिनिक’ची तालमीची जागा उद्ध्वस्त झाली आणि त्यांचा पहिला अल्बम ‘फोकस’ १९९३ पर्यंत लांबला. तो तेव्हा फारसा कुणी विकत घेतला नाही. आज या संगीतातल्या अभ्यासू मंडळींत त्याचं नाव आदराने निघतं. पुढे २०१४ साली या दोघांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. मर्दानी आविर्भावाचा एवढा सोस असलेल्या या संगीतातला सगळ्यात निर्णायक अल्बम घडवताना चौघांपैकी दोघांना आपलं आयुष्य झाकून ठेवावं लागलं होतं. हे कळल्यावर ‘ह्यूमन’ हे नाव मी अधिक गांभीर्याने घ्यायला लागलो.

१९९३च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’साठी पुन्हा नवी मंडळी. ड्रम्सवर ‘डार्क एंजल’चा जीन होग्लन, गिटारवर किंग डायमंडच्या बँडमधला स्वीडिश वादक अँडी लारॉक, आणि डिजॉर्जिओ परत, या वेळी त्याचा पडदे नसलेला बेस अगदी पुढे, गिटारच्या बरोबरीने. मला हा अल्बम थोडा दाटीवाटीचा वाटतो. सगळेच एकदम बोलतात. पण ‘द फिलॉसॉफर’ हे शेवटचं गाणं ऐकावं. एमटीव्हीवर त्याची चित्रफीत दाखवली जायची.

१९९५चा ‘सिंबॉलिक’ हा माझ्या मते ‘डेथ’चा सर्वांत सुंदर अल्बम. महत्त्व ‘ह्यूमन’चं जास्त, पण सौंदर्य इथे आहे. या वेळी होग्लन तेवढा राहिला. बाकी दोघे, बॉबी केल्बल आणि केली कॉनलन, नाव नसलेले स्थानिक वादक. केल्बल जॅझ शिकलेला. स्कॉट बर्न्सच्या जागी जिम मॉरिस. गाणी लांबली आणि त्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली. शीर्षकगीत हरवलेल्या निरागसपणाबद्दल आहे, ‘थाउजंड आइज’ सतत पाळतीखाली जगण्याबद्दल. हे १९९५ साली, खिशात कॅमेरे येण्याच्या आधी. ‘क्रिस्टल माउंटन’ धर्माच्या नावावर दुसऱ्याला तुच्छ लेखणाऱ्यांवर तुटून पडतं, आणि शेवटी साधी अकूस्टिक गिटार येऊन गाणं मिटवते. एवढा संताप आणि एवढं मार्दव एका गाण्यात बसतं, यावर विश्वास नसेल त्याने हे गाणं ऐकावं.

गुरगुरत्या गायनाचा चकला आता वीट आला होता. त्याला वेगळा गायक घेऊन, खुल्या आवाजातल्या गाण्याचा ‘कंट्रोल डिनाइड’ हा नवा बँड उभा करायचा होता. कंपनीला आधी ‘डेथ’चा अल्बम हवा होता. म्हणून त्या नव्या बँडसाठी जमवलेली माणसं, ड्रमर रिचर्ड ख्रिस्टी, गिटारवादक शॅनन हॅम आणि बेसवादक स्कॉट क्लेंडेनिन यांच्यासह, १९९८ मध्ये ‘द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स’ झाला. चकचा आवाज इथे खोल उरलेला नाही, तो वर चढलाय, चिरकतोय. काहींना तो सहन होत नाही. ‘व्हॉइस ऑफ द सोल’ या रचनेत तर आवाजच नाही आणि ड्रम्सही नाहीत, फक्त गिटारी. सातव्या अल्बमला येऊन तो एवढं वगळू शकला. ‘कंट्रोल डिनाइड’चा ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’ १९९९च्या अखेरीस आला. गायक टिम एमार, बेसवर पुन्हा डिजॉर्जिओ.

तोवर आजार आला होता. मानेच्या वरच्या भागात दुखायला लागलं, आधी नस दबली असावी असं वाटलं. १३ मे १९९९ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, मेंदूच्या देठाशी गाठ असल्याचं निदान झालं. किरणोपचार झाले, जानेवारी २०००मध्ये शस्त्रक्रिया झाली. जगभर अल्बम विकले गेलेल्या माणसाकडे उपचाराला पैसे नव्हते. विमा उतरवला तो शस्त्रक्रियेनंतर. २००१मध्ये गाठ पुन्हा वाढली तेव्हा, आजार आधीचाच, असं म्हणून विमा कंपनीने हात वर केले. मग मदतीचे कार्यक्रम झाले, कलाकारांनी आपल्या वस्तू लिलावाला दिल्या, आणि लॉस एंजेलिस व आइंटहोव्हन इथल्या १९९८च्या मैफलींचे अल्बम उपचारांसाठी पैसे उभे करायला काढले गेले. ‘लेप्रसी’मध्ये ‘पुल द प्लग’ नावाचं एक गाणं आहे, यंत्राच्या आधारावर ठेवलेल्या रुग्णाच्या तोंडचं, मला सोडवा म्हणणारं. विशीच्या सुरुवातीला त्याने ते लिहिलं. प्रत्यक्षात वेळ आली तेव्हा तो नवा अल्बम मुद्रित करत राहिला. १३ डिसेंबर २००१ला, चौतिसाव्या वर्षी, तो गेला.

माणसं टिकवणं त्याला जमलं नाही, ही टीका मी नाकारत नाही. काही तुटलेली नाती तुटलेलीच राहिली. पण २०१२ पासून ‘डेथ टू ऑल’ या नावाने त्याचे वादक एकत्र येऊन ही गाणी वाजवायला लागले, तेव्हा मॅसव्हिडल आला, राइनर्ट आला, डिजॉर्जिओ, होग्लन, केल्बल, हॅम, क्लेंडेनिन आले. भाडोत्री म्हणून वापरून घेतलेली माणसं दहा वर्षांनी अशी येत नाहीत. क्लेंडेनिन २०१५ साली गेला, राइनर्ट जानेवारी २०२०मध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

‘कंट्रोल डिनाइड’चा दुसरा अल्बम अजून अपुराच आहे. ‘व्हेन मॅन अँड मशीन कोलाइड’ हे त्याचं ठरलेलं नाव. चकच्या हयातीत त्यातलं काही मुद्रण झालं होतं. त्यातले कच्चे तुकडे एका कंपनीने त्याच्या पश्चात बाजारात आणले, त्यावरून कुटुंबाला कोर्टकज्जे करावे लागले. तो अल्बम पुरा करून देण्याचं बोलणं बरीच वर्षं चाललं; ज्याने गायचं होतं तो एमारही २०२३ साली गेला. मृताच्या अपुऱ्या कामाला हात लावू नये, असं मानणारा मोठा वर्ग आहे आणि इतर कलाकारांच्या बाबतीत मीही त्याच बाजूला उभा राहीन. इथे मला तो नियम लागू वाटत नाही. चकची गाणी त्याच्या हयातीतसुद्धा दुसऱ्यांच्या हातूनच पुरी होत होती. ‘फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स’चे ठोके त्याने सांगितलेले नव्हते आणि डिजॉर्जिओच्या बेसच्या ओळीही त्याने लिहून दिलेल्या नव्हत्या. ख्रिस्टी, हॅम आणि डिजॉर्जिओ यांना त्याची चाल ठाऊक आहे. त्यांनी गायकाशिवाय, जेवढं आहे त्यावर वाजवून तो बाहेर काढावा. जिथे चकची गिटार संपते तिथे ती संपू द्यावी आणि पुढे आपलं वाजवावं.